विकत घेतलेले खेळ आमच्याकडून काढून घेऊ नका : गेम कंपन्यांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
व्हिडिओ गेम आणि सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या व ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांचे संचालक आणि त्यांचे भारतातील प्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण असे की, तुमच्यापैकी एका कंपनीने मोटारशर्यतीचा एक खेळ अलीकडेच कायमचा बंद केला. तो मी पूर्ण किंमत मोजून घेतला होता. विक्री थांबवली असती तर माझी काही हरकत नव्हती, पण ज्यांनी तो आधीच घेतला होता त्यांच्या संगणकावरही तो आता उघडत नाही. उघडायला गेले की सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही अशी एक ओळ येते आणि पडदा पुन्हा काळा होतो. खेळाच्या सगळ्या फाइली मात्र माझ्या हार्डडिस्कवर जशाच्या तशा पडून आहेत. कंपनीला विचारले तेव्हा उत्तर आले की, तुम्ही खेळ विकत घेतला नव्हता, तो वापरण्याची परवानगी तेवढी घेतली होती आणि करारातील तरतुदीनुसार ती आम्ही मागे घेतली आहे. हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे. त्या कंपनीचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण असाच करार तुम्ही बहुतेक सगळे जण आमच्यापुढे ठेवता आणि उद्या हीच ओळ दुसऱ्या कोणत्या तरी खेळावर दिसणार आहे.

माझी ओळख थोडक्यात सांगते. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते आणि जॅकार्ड मागावर विणल्या जाणाऱ्या चादरी-टॉवेलांच्या नक्ष्या संगणकावर तयार करते. पूर्वी हे काम आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून होत असे आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडली जात. आता कागदाच्या जागी पडदा आला असला तरी चौकोन तेच आहेत, कारण पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथे भेटतात ती जागा. मोराच्या मानेला बाक द्यायचा तर तो ठिपक्यांच्या पायऱ्यांमधूनच द्यावा लागतो आणि एक पायरी इकडची तिकडे झाली की मान मोडल्यासारखी दिसते. ही नजर मला कोणत्याही शिकवणीत मिळाली नाही, ती लहानपणी जुने खेळ खेळताना आली.

त्यात पहिला मान जॉर्डन मेकनर यांच्या १९८९ सालच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा. मेकनर यांनी आपल्या भावाला धावताना आणि उड्या मारताना व्हिडिओवर टिपले व ती चित्रे एकेक करून संगणकावर उतरवली, म्हणून मोजक्या ठिपक्यांचा तो नायक कड्याला लोंबकळतो तेव्हा त्याच्या अंगाचे वजन आपल्याला जाणवते. नव्या खेळांत कपाळावरचा घाम मोजता येण्याइतके बारीक चित्रण असते, तरी त्याच्याइतकी देखणी हालचाल मला फार थोड्या खेळांत दिसली. या खेळाचा मूळ कोड, म्हणजे ज्या लेखी सूचनांवरून तो घडवला त्या, हरवला आहे असे अनेक वर्षे मानले जात होते. २०१२ साली मेकनर यांच्या वडिलांना घरात जुन्या डिस्क सापडल्या आणि मेकनर यांनी तो कोड सर्वांसाठी खुला केला. निर्मात्याने आपल्या खेळाशी आणि खेळणाऱ्यांशी कसे वागावे याचे मला माहीत असलेले हे सर्वांत चांगले उदाहरण आहे.

बाकीचे आवडते खेळही सांगते, कारण त्यावरून माझी मागणी कुठून येते हे कळेल. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा १९९९ सालचा दुसरा भाग मी आजही सुट्टीच्या दिवशी काढून बसते, मेंढ्या शोधण्यापासून किल्ले पाडण्यापर्यंतचा सगळा संसार त्यात आहे आणि तो कितीदाही मांडला तरी जुना होत नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मुळात ‘हाफ-लाइफ’ या खेळात चाहत्यांनी केलेल्या फेरफारातून जन्मला. सायबर कॅफेत चार-पाच संगणक तारेने एकमेकांना जोडले की तो सुरू होत असे आणि त्यासाठी परदेशातल्या कोणत्याही कचेरीची परवानगी लागत नसे. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ एरिक बॅरोन या एकट्या माणसाने घडवला आणि २०१६ साली विकायला आणला. त्यानंतर आठ वर्षांनी, २०२४ मध्येसुद्धा त्याने जुन्या ग्राहकांना मोठी भर विनामूल्य दिली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली आला तेव्हा मला फार अभिमान वाटला. त्यातल्या लढाया थोड्या एकसुरी आहेत आणि शेवट घाईने उरकला आहे, पण राजस्थानी वास्तूंची छाप असलेले ते वाडे आणि भिंतींवरची चित्रे मी खेळ थांबवून पाहत बसले आहे. यातला प्रत्येक खेळ आजही खेळता येतो. मालकाची मर्जी असो वा नसो, विकत घेतलेली प्रत घरात चालते, एवढी साधी अपेक्षा या खेळांनीच माझ्या मनात रुजवली.

बंद झालेला तो मोटारशर्यतीचा खेळ यांच्या पंक्तीला बसण्याइतका थोर नव्हता. वळणावर गाड्या जरा जास्तच घसरत आणि गोष्ट नावापुरती होती. तरीही तो मला प्रिय होता आणि त्याचे कारण माझा धाकटा भाऊ. सोलापुरातल्या असंख्य घरांप्रमाणे आमच्याही घरातला मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. रविवारी रात्री जेवणे आटोपली की तो हिंजवडीतल्या आपल्या खोलीतून आणि मी इथून त्या खेळात भेटत असू. शर्यत आम्ही क्वचितच लावत असू. समुद्राकाठच्या रस्त्याने सावकाश गाड्या हाकत आईच्या गुडघेदुखीपासून नळाला पाणी कोणत्या दिवशी आले इथपर्यंत सगळ्या गप्पा होत. खेळात गाडी रंगवण्याची सोय होती. माझ्या गाडीच्या दोन्ही दारांवर मी मोर काढले होते, बॉनेटवर चादरीचा मधला चौक, कडेने किनार आणि मागे एमएच १३ ने सुरू होणारा क्रमांक. भावाच्या गाडीवर तीच नक्षी उलट्या रंगांत होती, म्हणजे सोलापुरी चादर पालटली की मागच्या बाजूला दिसते तशी. हे काम खेळातल्या साधनांनी, आकाराला आकार जोडून केले होते आणि ते फक्त तुमच्या सर्व्हरवर साठवले जात होते. आता ते कुठेही नाही.

माझी पहिली तक्रार विक्रीच्या पद्धतीविषयी आहे. दुकानाच्या पानावर किंमत असते, विकत घेण्याचे बटण असते, पावती मिळते, करही घेतला जातो. हे सगळे व्यवहार वस्तू विकण्याचे आहेत. परवानगी मागे घेण्याचा अधिकार मात्र इंग्रजीतल्या लांबलचक कराराच्या पोटात कुठे तरी लिहिलेला असतो. तो वाचून न स्वीकारणाऱ्या ग्राहकाला खेळ सुरूच करता येत नाही आणि स्वीकारला तर तो कधी बंद होईल याची तारीख कुठेही दिलेली नसते. एक वर्ष चालेल की दहा वर्षे, हे ठाऊक नसताना आम्ही किंमत योग्य आहे की नाही हे ठरवायचे कसे? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने याच कारणासाठी कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्टपणे सांगावे लागते. तिथल्या ग्राहकाला जे सांगता, ते सोलापूरच्या ग्राहकाला का सांगत नाही? आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या दिली आहे आणि वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट त्या व्याख्येत येते. तुमच्या अटी तिच्यात बसतात की नाही हे ग्राहक आयोगाने ठरवायचे आहे, पण तुम्ही त्या अटी लिहिताना हा कायदा वाचला असेल असे मला वाटत नाही.

हे माझ्या एकटीच्या खेळाचे प्रकरण नाही. युबिसॉफ्ट या कंपनीच्या ‘द क्रू’ या २०१४ सालच्या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले. त्या खेळात एकट्याने खेळण्याजोगे बरेच काही होते, तरी सर्व्हरशिवाय तो सुरूच होत नसल्याने विकत घेतलेल्या डिस्कही निरुपयोगी ठरल्या. त्यानंतर यूट्यूबवर खेळांविषयी व्हिडिओ करणारे रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली आणि युरोपीय संघात याच मागणीच्या नागरिक उपक्रमाला, म्हणजे सह्यांच्या अधिकृत मागणीपत्राला, जुलै २०२५ च्या अखेरपर्यंत दहा लाखांहून अधिक लोकांचा पाठिंबा मिळाला. इतके लोक केवळ करमणुकीच्या हट्टापायी सह्या करत नाहीत.

दुसरी तक्रार इंटरनेटच्या सक्तीची. जो खेळ मी एकटी खेळते, ज्यात दुसऱ्या कोणाची गरजच नाही, त्याला दर वेळी तुमच्या सर्व्हरला विचारून सुरू व्हावे लागते. आमच्या भागात रस्ता खोदला की फायबरची केबल तुटते आणि ती जोडायला माणूस येईपर्यंत घरातला संगणक उत्तम चालत असूनही खेळ चालत नाही. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर असताना दुपारी घराबाहेर पडता येत नाही आणि नेमक्या त्याच वेळी हे घडले की फार चिडचिड होते. ज्या सक्तीचा ग्राहकाला काही उपयोग नाही, तीच सक्ती शेवटी खेळाच्या मृत्यूचे कारण ठरते, म्हणून ही बाब मी किरकोळ समजत नाही.

तिसरी, शेवटच्या काळातल्या वागणुकीची. खेळ बंद करण्याचा निर्णय एका दिवसात होत नाही, कंपनीत त्याची चर्चा आधीपासून चाललेली असणार. तरीही बंद होण्याची सूचना आली त्याच्या आदल्या आठवड्यात खेळातल्या दुकानात, खऱ्या पैशांनी घ्यायच्या नाण्यांवर सवलत सुरू होती. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका कॉलेजकुमाराने खाऊच्या पैशांतून त्या सवलतीत गाडी घेतली. त्याला ते पैसे परत मिळाले नाहीत. सोनीने २०२४ मध्ये ‘कॉन्कॉर्ड’ हा खेळ बाजारात आणल्यावर दोन आठवड्यांत मागे घेतला, तेव्हा सर्व ग्राहकांना पूर्ण पैसे परत केले. म्हणजे मनात आणले तर पैसे परत करता येतात.

चौथी तक्रार मला सर्वांत जास्त लागली आहे आणि तिच्याविषयी तुमच्या सूचनेत एक शब्दही नव्हता. तुम्ही आम्हाला खेळात रंगवण्याची, बांधण्याची, रचण्याची साधने देता, आमच्या कलाकृतींची चित्रे जाहिरातीत वापरता आणि खेळ बंद करताना त्या आम्हाला परत न देता पुसून टाकता. माझ्या गाडीवरची नक्षी ही माझ्या पेशातली होती. तीच मी एखाद्या कारखान्यासाठी काढली असती तर तिची फाइल माझ्याकडे राहिली असती. ती चित्ररूपात उतरवून घेण्याची सोय द्यायला तुम्हाला किती खर्च आला असता? इतर खेळणाऱ्यांनी उभारलेली घरे, शहरे, लिहिलेल्या गोष्टी यांचेही हेच होते. मालमत्तेच्या हक्काविषयी तुम्ही इतके जागरूक असता, तर आमच्या निर्मितीच्या हक्काचाही विचार व्हायला हवा होता.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. ज्या काळात आमच्या शहरात खेळाचा अस्सल डबा दुकानात मिळणेच दुर्मीळ होते त्या काळापासून तुम्ही आम्हाला सांगत आला आहात की, नकली प्रत वापरू नका, निर्मात्यांच्या श्रमाचे मोल द्या. हे म्हणणे रास्त आहे. माझेही पोट नक्षीवर चालते आणि कोणी ती फुकट उचलली तर मला राग येतो. पण आजची स्थिती अशी आहे की, ज्याने कुलूप तोडलेली प्रत फुकट मिळवली त्याची प्रत वर्षानुवर्षे चालत राहते आणि ज्याने पैसे मोजले त्याची प्रत एका सकाळी मरते. प्रामाणिक ग्राहकाला तुम्ही अप्रामाणिक माणसापेक्षा वाईट वस्तू देत आहात. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ साली सुरू केलेले गॉग हे दुकान असे कुलूप न लावता खेळ विकते, विकत घेतलेल्या खेळाची फाइल उतरवून आपल्याजवळ ठेवू देते आणि तरीही चालते. मी शक्य असेल तेव्हा तिथूनच घेते.

सॉफ्टवेअरचीही गत वेगळी राहिलेली नाही. नक्षीकामाचे एक सॉफ्टवेअर मी एकरकमी पैसे देऊन घेतले होते. नवा संगणक घेतल्यावर कंपनीने त्यावर ते चालू करून देण्यास नकार दिला आणि आता दरवर्षी भाडे भरा असे सांगितले. अनेक वर्षांच्या नक्ष्या त्याच कंपनीच्या फाइल-प्रकारात अडकल्या आहेत, त्यामुळे भाडे न भरणे मला परवडणारे नाही, हे त्यांना पुरते ठाऊक आहे. याउलट उदाहरणेही आहेत आणि ती मी आवर्जून सांगते. अडोबीने २०१३ च्या सुरुवातीला चित्रकामाच्या आपल्या जुन्या सीएस२ या सॉफ्टवेअर-संचाचे नोंदणी-सर्व्हर बंद केले, तेव्हा ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांच्यासाठी नोंदणी न लागणारी प्रत उपलब्ध करून दिली. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रणाचे सॉफ्टवेअर त्याच्या मूळ कंपनीसोबत २००२ साली संपणार होते. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो उभे केले, त्याचा कोड मोकळा झाला आणि आज जगभरचे कलाकार ते विनामूल्य वापरतात. व्हीएलसी या व्हिडिओ पाहण्याच्या विनामूल्य सॉफ्टवेअरवर मी जे पाहते ते पाहताना त्याने मला कधी खाते उघडायला लावले नाही. अशी साधने वापरताना घरात आपलीच वस्तू असल्यासारखे वाटते.

या शहराने उद्योग बंद पडताना पाहिले आहेत. ‘जुनी मिल’ याच नावाची कापडगिरणी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. हजारो घरांची चूल त्यांवर पेटत होती आणि त्या नुकसानीची भरपाई आजतागायत झालेली नाही. पण गिरणी बंद झाली म्हणून तिने विणलेले कापड लोकांच्या कपाटातून कोणी उचलून नेले नाही. तुम्ही नेमके तेच करत आहात.

तुमच्या बाजूचे आक्षेप मी वाचले आहेत. सर्व्हर चालवायला दरमहा पैसा लागतो, हे खरे आहे आणि खेळणारे कमी झाल्यावर तो भार पेलत नाही हेही खरे आहे. आम्ही सर्व्हर अनंतकाळ चालवा असे म्हणत नाही. गाड्यांच्या आणि गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपते, हा दुसरा आक्षेप. पण ‘फोर्झा होरायझन ४’ या मोटारशर्यतीच्या खेळाची विक्री डिसेंबर २०२४ मध्ये याच कारणाने थांबली, तरी ज्यांनी तो आधी घेतला त्यांचा खेळ चालू राहिला. विक्री थांबवणे आणि विकलेले काढून घेणे यांत केवढे अंतर आहे ते त्यावरून दिसते. व्हिडिओ गेम्स युरोप या तुमच्या तिथल्या संघटनेने असे म्हटले आहे की, खासगी सर्व्हरवर खेळणाऱ्यांच्या माहितीची सुरक्षितता राहत नाही आणि गैरप्रकारांना आळा घालता येत नाही, त्यामुळे कंपन्यांवर कायदेशीर जबाबदारी येऊ शकते. ही काळजी मी समजू शकते. मात्र सर्व्हर आमच्या हाती दिल्यावर जबाबदारी आमची, असे दोन ओळींत लिहून देता येते, जसे ‘काउंटर-स्ट्राइक’च्या बाबतीत वर्षानुवर्षे चालत आले.

हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असे तर कोणीच म्हणू नये. ‘नॉकआउट सिटी’ हा पूर्णपणे ऑनलाइन खेळ जून २०२३ मध्ये बंद करताना वेलन स्टुडिओजने लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती विनामूल्य दिली. आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’चा कोड १९९७ सालीच खुला केला आणि म्हणूनच तो खेळ आज वाटेल त्या यंत्रावर चालताना दिसतो. ‘द क्रू’वरून एवढा गदारोळ झाल्यावर युबिसॉफ्टनेही सप्टेंबर २०२४ मध्ये त्या मालिकेच्या पुढच्या भागांना ऑफलाइन खेळण्याची सोय देण्याचे जाहीर केले. जे गदारोळ झाल्यावर करता येते ते आधीपासून नियोजनात धरले तर कमी खर्चात होईल, हे संगणकावर काम करणाऱ्या कोणालाही पटेल.

खेळ जपण्याचा प्रश्न केवळ ग्राहकांपुरता नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी तिथे आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत. ते जुने खेळ निदान डिस्कवर, कार्ट्रिजवर कोणाच्या तरी माळ्यावर सापडतात. आजचे खेळ सर्व्हरबरोबर गेले की त्यांचा मागमूसही उरणार नाही, आणि ज्या शेकडो चित्रकारांनी, संगीतकारांनी, प्रोग्रामरांनी त्यांवर आयुष्याची काही वर्षे खर्च केली त्यांचे काम त्यांच्याच मुलांना दाखवता येणार नाही. तुमच्याकडे नोकरी करणाऱ्यांसाठी तरी याचा विचार करा.

इथल्या वाचकांसाठी एक खुलासा. हे पत्र पैसे लावून खेळायच्या ॲपविषयी नाही. तशा खेळांना केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने मज्जाव केला आहे आणि मी त्यांच्या बाजूने एक अक्षरही लिहिणार नाही. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा आणि करमणुकीच्या ऑनलाइन खेळांना प्रोत्साहन देण्याचे धोरण मात्र स्वीकारले आहे. उद्योग म्हणून प्रोत्साहन घ्यायचे तर त्या उद्योगाच्या ग्राहकाला इतर ग्राहकांइतके तरी संरक्षण मिळाले पाहिजे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. विक्रीच्या पानावर, किमतीच्या शेजारी, खेळ सर्व्हरवर अवलंबून आहे की नाही आणि तो किमान कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे मराठीसह भारतीय भाषांत ठळकपणे लिहावे. त्या तारखेआधी खेळ बंद केल्यास पूर्ण पैसे परत द्यावेत. एकट्याने खेळायच्या भागासाठी इंटरनेटची अट काढून टाकावी. ती आज काढता येत नसेल तर सर्व्हर बंद करण्यापूर्वी शेवटच्या अपडेटमध्ये काढावी. एकत्र खेळायच्या खेळांसाठी सर्व्हर चालवण्याचा प्रोग्राम, कोणत्याही हमीशिवाय का होईना, ग्राहकांना द्यावा. बंद करण्याची सूचना किमान एक वर्ष आधी द्यावी, सूचना दिल्या क्षणापासून नाण्यांची आणि सजावटीची विक्री थांबवावी आणि त्याआधीच्या वर्षभरात केलेल्या अशा खरेदीचे पैसे परत करावेत. आमच्या कलाकृती आणि साठवलेली प्रगती उतरवून घेण्याची सोय त्या वर्षभरात चालू ठेवावी. सॉफ्टवेअर कंपन्यांनी एकरकमी विकलेल्या आवृत्तीला नव्या संगणकावर चालू करून देणे थांबवू नये आणि जुन्या फाइली खुल्या प्रकारात बाहेर काढण्याचा मार्ग भाडे न भरणाऱ्यालाही ठेवावा.

जो खेळ या पत्राचे निमित्त झाला त्याच्या कंपनीकडे माझी वेगळी मागणी आहे. सर्व्हरवरची माहिती अजून नष्ट केली नसेल तर ती नष्ट करू नये आणि खेळणाऱ्यांना त्यांच्या गाड्यांची चित्रे पाठवावीत. खेळ ऑफलाइन चालवणारे एक अपडेट आजही देता येईल. त्यासाठी काही रक्कम लागणार असेल तर जाहीर करावी. ब्लेंडरच्या वेळी लोकांनी ती उभी केली होती, आम्हीही प्रयत्न करू.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझी तक्रार मी संबंधित कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी पाठवली आहे. मुदतीत उत्तर आले नाही तर मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन आणि ज्यांचे असेच नुकसान झाले आहे त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आपापली तक्रार नोंदवावी, अशी विनंती करेन. बाकीच्या कंपन्यांनी उत्तरासाठी माझ्या तक्रारीची वाट पाहू नये. पुढचा खेळ बाजारात आणताना वरच्या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत हे त्याच्या विक्रीच्या पानावर लिहावे.

कळावे,

आपली,
सोलापूरची एक ग्राहक